गुरुजींच्या फाइली साफ करताना

मी काय काम करते ते लोकांना पटकन कळत नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, सून घरी बसून टायपिंग करते. तेही अगदीच चूक नाही. मुंबईतले संगीतकार, क्लासवाले, नाटकांना संगीत देणारे आपापल्या कीबोर्डवर वाजवतात आणि त्याची फाइल मला पाठवतात. मी ती नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते आणि वादकांना समोर ठेवून वाजवता येईल अशी नीट करून परत देते. मुरबाडला आमच्या दोन खोल्यांच्या घरात मागच्या खिडकीशी टेबल आहे. नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेला आणि लाइट असली, की मी तिथे बसते.

त्या फाइलीला मिडी म्हणतात. तिच्यात आवाज नसतो. कुठली पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच नोंद असते. आता माणूस काही प्रत्येक स्वर नेमका मात्रेवर वाजवत नाही. किंचित आधी वाजवतो, किंचित नंतर वाजवतो, आणि कानाला तेच बरं वाटतं. सॉफ्टवेअर मात्र तो केसाएवढा उशीरही लिहून काढतं. साध्या बालगीताची ओळ उघडली तरी कागदभर बारीक बारीक विराम आणि एकाला एक बांधलेले अर्धेमुर्धे स्वर दिसतात, मुंग्या लागल्यासारखे. त्यातला प्रत्येक स्वर जवळच्या मात्रेवर सरकवायचा. एकमेकांवर चढलेले सोडवायचे. चुकून बोट लागून उमटलेले पुसायचे. हे करताना वाजवणाऱ्याला आपण कधी पाहिलेलं नसलं, तरी त्याचा हात ओळखीचा होतो. कोण घाई करतो, कोणाची करंगळी कच्ची आहे, कोण कंटाळलेला आहे, सगळं दिसतं. ते कोणाला सांगायचं नसतं. फाइल साफ करून द्यायची, एवढंच काम.

गुरुजींची फाइल माझ्याकडे येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते माझे प्राथमिक शाळेतले शिक्षक. माझं माहेर तानसाच्या बाजूला, शहापूर तालुक्यात. चौथीपर्यंतची दोन खोल्यांची शाळा होती आणि गुरुजी दोन्ही खोल्यांना मिळून एकटे. आजूबाजूच्या पाड्यांवरची पोरं पहिलीत यायची ती गप्प बसायची. घरची बोली वेगळी, पुस्तकातली भाषा वेगळी, शाळेत बोलतात ते काहीच उमगत नाही. गुरुजींनी त्यावर स्वतःचा उपाय काढला होता. ते गाणी रचायचे. पहिल्या ओळीत पोरांच्या घरचा शब्द, दुसरीत पुस्तकातला. पाऊस, खेकडा, चूल, आजी, मोहाची फुलं, उखळ, सगळ्यांची गाणी. पेटी स्वतः विकत घेतलेली, तिचा भाता एका बाजूने चिकटपट्टी लावून धरलेला. महिन्याभरात गप्प बसणारी पोरं ओरडून गायची. मी काही पाड्यावरची नव्हे, पण ती गाणी मलाही पाठ झाली आणि पेटीवर बोट ठेवायला मला त्यांनीच शिकवलं. त्या शिकण्यावरच आज माझं काम चालतं.

निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी आले. त्यांचं गाव मुरबाडहून सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला, एसटीने अर्धा तास. मी लग्न होऊन मुरबाडला आले तेव्हा ते बाजारात भेटायचे, चौकशी करायचे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर असेच भेटले आणि माझं काम काय ते त्यांनी खोदून खोदून विचारलं. मग म्हणाले, "म्हंजे मी वाजवलं तर तू ते कागदावर आणशील?"

"आणीन की."

"माझी एकतीस गाणी हायेत. कुठं लिहून ठेवलेली नायत. शब्द हायेत वहीत, पन चाली नायत. मी गेलो की गेल्या. पोरांसाठी त्यांचं पुस्तक छापायचं म्हन्तो."

त्यांच्या मुलाने कल्याणहून एक कीबोर्ड आणून दिला होता. त्याला पेन ड्राइव्ह लावून मिडी घेता येत होती. मी एकदा जाऊन ते दाखवून आले, आणि पुढच्या आठवड्यापासून गुरुजी दर मंगळवारी सकाळच्या एसटीने आमच्याकडे यायला लागले.

ते दिवस चांगले होते. ते खुर्चीत बसून चहा घ्यायचे, मी त्यांच्यासमोर फाइल उघडायची. पहिलं गाणं पडद्यावर आलं तेव्हा ते घाबरलेच. "हे काय गो? एवढा कचरा मी केला?"

मी हसून सांगितलं, की सगळ्यांचीच फाइल अशी दिसते. ठेका लावून वाजवलंत तर कमी कचरा होईल. कीबोर्डमधली टिकटिक चालू करून दाखवली. दोन ओळी वाजवून त्यांनी ती बंद केली. "मी पोरांबरोबर वाजवलंय. घड्याळाबरोबर मला नाय जमायचं."

मग मी तसंच करत गेले. त्यांची लय मोजून मात्रा आखायच्या, स्वर सरळ करायचे, खाली सरगम आणि शब्द भरायचे. शेवटी बटण दाबलं की कॉम्प्युटर ते गाणं वाजवून दाखवायचा. तो आवाज कोरडा असतो, पण गुरुजी मान हलवत ऐकायचे आणि म्हणायचे, "एवढं सरळ मी वाजवतो?" त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं ते पाहायला मला आवडायचं. ज्यांनी आपल्याला बोट धरून शिकवलं त्यांना आपण काहीतरी देतो आहोत, असं वाटायचं. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यात तिचा वाटा मोठा आहे.

उन्हाळा संपेपर्यंत अठरा गाणी झाली. पावसाळ्यात गुरुजींनी येणं थांबवलं. एसटीचा टाइम जमत नाही म्हणाले. पेन ड्राइव्ह चष्म्याच्या घरात घालून दुधाच्या टेम्पोबरोबर पाठवायला लागले. सोबत कागद असायचा, गाण्याचं नाव आणि गायची पट्टी, काळी दोन की पांढरी चार, ते लिहिलेला. गुरुजींचं अक्षर म्हणजे फळ्यावरचं अक्षर, टपोरं, रेघेला टेकलेलं. त्या कागदांवर ते ओळीच्या सुरुवातीला तसंच असायचं आणि शेवटाकडे बारीक होत जायचं. कागद लहान असेल म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

एकोणिसावं गाणं उखळाचं होतं. फाइल उघडली तर नेहमीपेक्षा जास्त कचरा. मी कामाला लागले. पण हा कचरा वेगळा होता. एक स्वर दाबल्यावर लगेच तोच स्वर पुन्हा, अगदी हलका, जणू बोट उचललं नाही आणि पट्टीवर नुसतं हललं. एक पट्टी सुटायच्या आत दुसरी दाबलेली. आणि ओळ पुढे जाईल तसा जोर कमी होत गेलेला. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वराचा जोर काठीसारखा दिसतो. सुरुवातीच्या काठ्या उंच, मग ठेंगण्या, ओळीच्या शेवटी जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या. आणि जोर कमी होताना लय मात्र वाढत जात होती. उतारावर पाय थांबत नाहीत तशी.

कीबोर्डमध्ये दमट हवेने बिघाड झाला असेल, असं मला वाटलं. पुढचं गाणं आलं, त्यातही तेच. त्याच्या पुढच्यातही. मग मी जुनी अठरा गाणी काढली, म्हणजे मुळात आली होती तशी, साफ करण्याआधीची. आलेली मूळ फाइल मी कधीच पुसत नाही, ती वेगळ्या फोल्डरमध्ये राहते. ती ओळीने उघडून पाहत गेले. बारा-तेरा गाण्यांपर्यंत काही नव्हतं. मग अधेमधे एखादा दुहेरी स्वर. सतराव्यात चार-पाच. मी ते साफही केले होते आणि विसरलेही होते.

तरीही खात्री करून घ्यायची म्हणून मी गणपती गेल्यावर त्यांच्या घरी गेले. गुरुजी मागच्या शेतावर होते. मी कीबोर्ड चालू केला आणि तेच उखळाचं गाणं स्वतः वाजवून पेन ड्राइव्हवर घेतलं. घरी येऊन उघडलं. माझ्या वाजवण्यात नेहमीचा आळस होता, बाकी काही नव्हतं. कीबोर्ड ठीक होता.

निघताना काकू, म्हणजे गुरुजींची बायको, मला अंगणाच्या कडेपर्यंत सोडायला आल्या होत्या. त्या इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "एक इचारू? तुझ्याकडं त्यांचं वाजवलेलं येतं. हात नीट चालतो का गो त्यांचा?"

"का हो?"

"बशीतला चहा सांडतात. चालताना डाव्या पायातली चप्पल मागं राहते, त्यांना कळत पन नाय. मी डॉक्टरकडं चला म्हनते, तर माझ्यावरच खेकसतात. म्हनतात, हात बिघडला असता तर पेटी वाजली असती का? तू सांग. तुला कळत आसंल."

गुरुजी बांधावरून येताना दिसत होते. हळू येत होते, एक हात अंगाशी धरलेला.

मी म्हणाले, "चालतो की. छान वाजवतात."

काकूंचा चेहरा सैल झाला. "मंग बरं," म्हणाल्या, आणि मला वेलावरच्या काकड्या बांधून दिल्या.

मी असं का म्हणाले, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला आहे. तेव्हा मी वाजवून घेतलेलं घरी येऊन तपासायचं बाकी होतं, हे एक कारण झालं. पण घरी पाहिल्यावरही मी काकूंना फोन केला नाही. गुरुजींना वाईट वाटेल याची भीती होती. आपण डॉक्टर नाही, आपल्याला काय कळतं, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर, मंगळवारचा तो चेहरा मला जाऊ द्यायचा नव्हता.

त्यामुळे मी साफ करत राहिले. आधी साफ करणं होतं, नंतर ते साफ करणं राहिलं नाही. बुटक्या काठ्या ओढून सारख्या उंच केल्या. वाढलेली लय मागे खेचली. एका गाण्यात तिसऱ्या कडव्याचा शेवट त्यांना जमलाच नव्हता, बोटं अडकून थांबली होती, तर मी पहिल्या कडव्याचा शेवट उचलून तिथे चिकटवला. पंचविसावं गाणं मी जवळजवळ सगळं आठवणीने, स्वतःच्या हाताने भरलं. झालेलं गाणं फोनवर पाठवायचं. गुरुजी ते काकूंना ऐकवायचे. एकदा फोन चालू राहिला असताना मी ते ऐकलं. "ऐक. हात थरथरतो म्हन्तेस ना? ऐक हे." आणि माझं केलेलं गाणं वाजत होतं.

दिवाळीपर्यंत एकतीस गाणी पुरी झाली.

त्याच सुमारास आमच्या जुन्या शाळेचं स्नेहसंमेलन ठरलं. तिथल्या आताच्या शिक्षकाने गुरुजींना फोन करून बोलावलं, आणि पोरांच्या गाण्याला पेटीची साथ कराल का, असं विचारलं. गुरुजींनी मला कळवलं तेव्हा आवाजात आनंद मावत नव्हता. मी म्हणाले, "गुरुजी, त्यांच्याकडे स्पीकर असेल. आपली फाइलच लावू. तुम्ही नुसते बसा."

"फाइल कशाला? मी हाये ना जिवंत."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं. मीही येते."

डिसेंबरातली सकाळ होती. मी शहापूरवरून गेले. गुरुजी आणि काकू मुलाच्या गाडीने आले होते. शाळेला आता चार खोल्या आहेत, पण पोरं आमच्या वेळेपेक्षा निम्मी. पटांगणात सतरंजी घालून पेटी ठेवली होती. गावातले लोक, पाड्यांवरच्या बायका, सगळे जमले होते. काही जणी माझ्याबरोबर शिकलेल्या, आता त्यांची पोरं त्या रांगेत उभी. गुरुजींनी पांढरा सदरा घातला होता. मला पाहून त्यांनी मान हलवली.

गाणं मोहाच्या फुलांचं होतं. पहिली ओळ वाजली. दुसरी वाजली. पोरांनी सूर धरला. दुसऱ्या कडव्याला बोटं चिकटली. एका पट्टीवरून दुसरीवर हात सरकेना. गुरुजींनी जोर लावला तसा हात आणखी थरथरला आणि मग एकदम घाईने चार स्वर वाजले, पोरांच्या पुढे निघून गेले. पोरं थांबली. गुरुजींनी मुखड्यापासून सुरू केलं. पुन्हा तिथेच. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिल्या रांगेतली एक मुलगी हसली, मग तिच्या शेजारची.

शिक्षक बिचारा भला माणूस. गुरुजींची लाज जाऊ नये म्हणून तो पुढे झाला. गुरुजींनी त्याला सरावासाठी गाणी पाठवून ठेवली होती. त्याने फोन स्पीकरला जोडला आणि पटांगणभर गुरुजींचं वाजवणं सुरू झालं. म्हणजे मी केलेलं. सरळ, एकसारखं, एकही स्वर इकडचा तिकडे नाही. पोरांना त्याचीच सवय होती, ती खणखणीत गायली.

गुरुजींचा डावा हात भात्यावर होता आणि उजवा पट्ट्यांवर. त्यांनी भाता ओढणं थांबवलं, पण हात काढले नाहीत. गाणं संपेपर्यंत ते तसेच बसून होते, वाजवत असल्यासारखे. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी त्यांनी मान वर केली आणि गर्दीत माझ्याकडे पाहिलं. तो शेवट पहिल्या कडव्यासारखाच होता. त्यांनी चाल बांधताना तो वेगळा केलेला होता, आणि मी तो खाऊन टाकला होता.

टाळ्या खूप पडल्या. शाल, श्रीफळ झालं. जाताना गुरुजी माझ्याशी बोलले नाहीत. काकू गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "येतो."

पंधरा दिवसांनी गुरुजींच्या मुलाचा फोन आला. कल्याणला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं होतं. कंपवात. डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष तरी झालं असेल. हा आजार बरा होत नाही. पण गोळ्या आधी चालू झाल्या असत्या तर मधले दिवस सोपे गेले असते. बाथरूममध्ये पडले ते कदाचित टळलं असतं. पडल्याचं मला माहीतच नव्हतं. ऑक्टोबरात पडले होते, मनगट सुजलं होतं. तेव्हा आलेल्या दोन गाण्यांचा उजवा हात मी कसा सावरून घेतला होता, ते मला आठवलं.

"बाबा तुला बोलावतात," मुलगा म्हणाला. "लॅपटॉप घेऊन ये म्हणालेत. साफ न केलेल्या फाइली घेऊन ये, असं सांगायला सांगितलंय."

मी गेले. गुरुजी ओटीवर खुर्चीत बसले होते. गोळ्यांनी हात थोडा शांत झाला होता, पण चेहरा बदलला होता. त्यावर काही उमटेना. हसले की रागावले ते कळायची सोय राहिली नव्हती.

"लाव," ते म्हणाले. "पैल्यापासून."

मी मूळ फाइली एकेक करून लावल्या. आल्या होत्या तशा. पहिली काही गाणी ऐकताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. खरं सांगते, ती मी साफ केलेल्या गाण्यांपेक्षा चांगली होती. त्यांत मधे श्वास होता, पोरांना शब्द आठवायला वेळ दिलेला होता. मला ते तोपर्यंत ऐकूच आलं नव्हतं. मी फक्त पाहत होते.

अठरा संपली. एकोणिसावं सुरू झालं. उखळाचं. थोडं ऐकून त्यांनी हात वर केला. मी थांबवलं.

"हे कधीचं?"

"गणपतीच्या आधीचं."

"तवा तुला कळलं?"

"थोडं तेव्हा. मग खात्री झाली."

"आनि तू सरळ केलंस."

मी हो म्हणाले.

गुरुजींचा आवाजही बारीक झाला होता. पुढचं बोलायला त्यांना वेळ लागला, आणि बोलले ते शाळेतल्या भाषेत. ते फार दुखावले की तसं बोलायचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. "तुझ्या वहीत चूक सापडली की मी काय करायचो?"

"गोल करायचात. लाल शाईने."

"गोल करायचो. पुसत नव्हतो. पुसली तर मुलाला कसं कळणार?"

मला रडू आलं. मी माफ करा म्हणाले. ते ऐकून न ऐकल्यासारखे समोर बघत राहिले. आतल्या दारात काकू उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या, कोण जाणे. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मी तुला इचारलं होतं गो," त्या म्हणाल्या. "अंगनात. मी तुला इचारलं होतं."

आणि आत गेल्या.

मग गुरुजींनी पुस्तकाचा निकाल लावला. पहिली अठरा गाणी छापायची, तीही मूळ वाजवण्याला धरून मी पुन्हा करून द्यायची. पुढची तेरा छापायची नाहीत.

मी पुष्कळ विनवलं. शब्द तुमचे आहेत, चाली तुमच्या आहेत, पाड्यांवरचे ते शब्द दुसरीकडे कुठेही लिहिलेले नाहीत, माझ्या चुकीपायी त्यांना का टाकता? ते म्हणाले, "चाल माझी आसंल. वाजवनं माझं नाय. माझ्या नावानं नको." मी म्हणाले, मग तुम्ही गा, मी ऐकून पहिल्यापासून लिहिते, एकही स्वर माझ्या मनाचा घालणार नाही. त्याला ते तयार झाले. उन्हाळ्यात मी सात-आठ वेळा गेले. पण आवाज दोन ओळींतच विरायचा, सूर कुठे लागला ते त्यांनाही सांगता यायचं नाही, आणि मग ते दमून भिंतीकडे तोंड करायचे. तेरातली दोन गाणी कशीबशी झाली. तिसरं अर्धं. नंतर त्यांनीच नको म्हटलं.

वीस गाण्यांचं ते पुस्तक शहापूरला छापून घेतलं. पातळसं झालं. आजूबाजूच्या शाळांना आम्ही ते नेऊन दिलं. कुठे शिक्षकांनी चाळून पाहिलं, कुठे सही करून घेतली आणि कपाटात ठेवलं. आमच्या शाळेत अजून फोनवरचीच फाइल लावतात, असं कळलं. ती काढून टाका, असं सांगायला मी त्या शिक्षकाला दोनदा फोन केला. तो म्हणाला, "ताई, पोरांना तीच पाठ आहे हो."

उरलेली अकरा गाणी माझ्या लॅपटॉपवर आहेत. एका फोल्डरमध्ये मूळ, एका फोल्डरमध्ये मी केलेली. मूळ फाइलींवरून चाली नीट काढता येतील का, म्हणून मी अधूनमधून त्या उघडते. काही जागी येतात. काही जागी नुसती बोटांची धडपड आहे. तिथे कुठला स्वर वाजवायचा होता हे फक्त गुरुजी सांगू शकतील, आणि त्यांना आता मी ते विचारत नाही.

काम मी सोडलेलं नाही. फाइली येतात, मी साफ करते. एका क्लासवाल्या बाईंच्या वाजवण्यात मागे मला काहीतरी वेगळं दिसलं, तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, तुमचं मनगट दुखतं का? त्या जरा चिडल्याच. म्हणाल्या, नोटेशन तेवढं बघा.

गुरुजींकडे मी महिन्यातून एकदा जाते. काकू चहा देतात. बोलतात जेवढ्यास तेवढं. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्या मागे भांडी घासत होत्या आणि गुरुजी सदरा घालून तसेच बसले होते, पुढून उघडा. बटणं लावायची राहिली होती. खालचं एक धरून ते बराच वेळ काजाशी झटत होते. मला पाहून त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"लावू का गुरुजी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मी खालून वर एकेक बटण लावत गेले. पाच होती. वरचं लावताना त्यांनी हनुवटी जरा उचलली, लहान पोरासारखी. काकू पदराला हात पुसत दारात आल्या, आमच्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "वरचं नको लावू. त्यांना गळ्याशी आवळतं."

मी ते सोडलं.

काकूंनी विचारलं, "भाकरी टाकू का तुला? जेवूनच जा." मी हो म्हणाले, आणि भांडी विसळायला मागे गेले.